हळू बोलायचं घर

"हळू," नर्स म्हणाली.

तिच्या सासूबाईंनी पातेलं ओट्यावर ठेवलं होतं, बाकी काही नाही. पण त्यांचं ठेवणं म्हणजे इतरांचं आपटणं.

"ठेवलंय नुसतं."

"हो आई, पण जरा हळू ठेवा ना. मुलं आत आहेत."

"मुलं आत आहेत म्हणून पातेलं हातात धरून उभी राहू का मी?" सासूबाईंनी टोमणा मारला खरा, पण कुजबुजत. कुजबुजत टोमणे मारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो भिजलेल्या फटाक्यासारखा जागच्या जागी विझला आणि त्यांची चिडचिड आणखी वाढली.

परमुलखातल्या या भाड्याच्या घरात दोन खोल्या होत्या, एक चिंचोळी बोळकंडी आणि तिच्या टोकाला न्हाणीघर. दत्तक मुलं ताब्यात मिळण्याआधी कायद्याप्रमाणे त्यांच्यासोबत त्यांच्याच देशात काही महिने राहून दाखवायचं होतं, म्हणून हा संसार. झाडांची पानं गळत होती तेव्हा नर्स आणि तिचा नवरा इथं आले. आता झाडांना गळायलाही काही उरलं नव्हतं. मध्येच केव्हातरी सासूबाई आणि नणंद "मदतीला" येऊन थडकल्या, आणि घरात एक माणूस जास्तीचं झालं. ते एक माणूस कोण, यावर चौघांची चार मतं होती.

हळू बोलायचा नियम नर्सचा. तिचे वडील घड्याळजी. माहेरी तिनं लहानपणापासून ऐकलं ते घड्याळांचं. सासर मात्र पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांचं. खाली कारखाना, वर घर, आणि पहाटेपासून पत्र्यावर हातोडे. त्या आवाजावर आवाज चढवून बोलता बोलता या घराण्याच्या तीन पिढ्यांचे गळे असे झाले होते, की त्यांनी "मीठ दे गं" म्हटलं तरी शेजारच्यांना वाटावं भांडण लागलंय. लग्नानंतरचं पहिलं वर्ष नर्सनं डोकं धरून काढलं. पुढे ती ऑपरेशन थिएटरात लागली, आणि तिथली शांतता हेच तिचं दुसरं माहेर झालं. तिचा अनुभव होता, आपण आवाज उतरवला की रोग्याची नाडी उतरते. ही दोन लेकरं तर काय काय बघून आलेली. त्यांना शांत घर द्यायचं, हे तिनं विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं. नवऱ्याकडून तसं वचन घेतलं होतं. सासूबाई उतरल्या तेव्हा विमानतळावरच त्यांच्याकडूनही घेतलं.

आणि या घरानं, ज्या घरानं कधी कुणाचं ऐकलं नाही, त्यानं हे मात्र ऐकलं.

जिन्यावर पावलं वाजली. नवरा आत आला. वय पंचेचाळीस, डोक्यावर टक्कल, आणि घरात नाव बाळ्या. त्यानं दार लावलं आणि पाठ दाराला टेकून उभा राहिला.

"वायरलेसकाका खाली भेटले," तो म्हणाला. वायरलेसकाका म्हणजे त्यांचा दुभाषी; आयुष्यभर जहाजांवर वायरलेस सांभाळलेला म्हातारा. "पाहणीबाई आज येतेय. शेवटची भेट."

"आज? ती पुढल्या आठवड्यात येणार होती."

"आज येतेय. आणि मागच्या भेटीचा तिचा शेरा चांगला नाही." बाळ्यानं आवाज आणखी खाली आणला. "मुलं रुळलेली नाहीत, म्हणते. पाहुण्यांसारखी राहतात. आज फरक दिसला नाही तर कोर्टाला कळवणार, की मुलं परत संस्थेत न्या आणि दुसरं घर बघा."

नर्सनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, मोडली, परत केली.

पाहणीबाईचं खोटं होतं असं तिला म्हणता येईना. थोरली आठ वर्षांची. सकाळी उठून आपलं आणि धाकट्याचं अंथरूण अशी घडी करायची, की रात्री कुणी झोपलं होतं हे कळू नये. प्रत्येक जेवणानंतर आभार मानायची. पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घ्यायची. चार वर्षांच्या भावाला आंघोळ तीच घालायची, घास तीच भरवायची. नर्सनं हात पुढे केला की ती नम्रपणे हसून त्याला दुसरीकडे वळवायची, जशी एखादी चांगली दुकानदारीण गिऱ्हाइकाला नको त्या मालापासून वळवते.

"मग न्यावीत," ताई म्हणाली.

ताई म्हणजे बाळ्याची थोरली बहीण. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली. तिच्या कुजबुजीतही "सावधान" ऐकू यायचं.

"डोळे वटारू नका माझ्यावर. मला जे दिसतं ते सांगते. ती पोरगी सुखी नाही. ती हजेरीला उभी आहे आपल्या घरात. आपल्याला मूल हवंय म्हणून त्यांना कशाला टांगून ठेवायचं?"

"तुला ती मुळातच नको होती," सासूबाई म्हणाल्या. "घरी असतानापासून बघतेय मी. कुणाची कोण, काय रक्त, काय वळण. हेच सगळं तुझं."

"म्हटलं होतं मी. नाही म्हणत नाही. पण आत्ताचं बोलणं वेगळं आहे, आई."

"वेगळं-बिगळं काही नाही. ही बिचारी," सासूबाईंनी नर्सकडे हात केला, "मरमर मरतेय त्यांच्यासाठी. तुला काय जातंय बोलायला."

लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली, आणि सासूबाईंनी तिची बाजू घेण्याची ही पहिली वेळ. नर्सला खरं तर भरून यायला हवं होतं. पण तिला नेमकं ताईचंच पटत होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती. असा कसा बाई आपला योग, तिच्या मनात आलं. सासू बाजूनं झाली तीही चुकीच्या दिवशी.

"हळू बोला दोघी," बाळ्या म्हणाला. दोघी हळूच बोलत होत्या.

*

सासूबाई आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या. समोर पलंगाच्या काठावर दोघं भावंडं. थोरलीला त्यांनी स्वतःपुरतं ठमी नाव ठेवलं होतं आणि धाकट्याला बंड्या. पोरांना ते ठाऊक नव्हतं, पण त्यानं काही अडत नव्हतं. नाव ठेवायला मनुष्याची परवानगी लागते असं सासूबाईंना कधीच वाटलं नव्हतं.

"काय गं ठमे," त्या म्हणाल्या. ठमी त्यांच्याकडे पाहून अदबीनं हसली. कचेरीतला कारकून "साहेब जेवायला गेलेत" सांगताना हसतो तशी.

सासूबाईंना या घरात गुदमरायला व्हायचं. त्यांच्या आयुष्यात हळू आवाजानं कधी काही भलं केलं नव्हतं. मालक गेले तेव्हा डॉक्टर असेच हळू बोलले होते. दीर वाटणी मागायला आले तेव्हा एरवी कारखाना दणाणून सोडणारे दोघे दीर इतके मऊ बोलले, की त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं, जागा गेली. आणि दोन महिन्यांपूर्वी बाळ्याचा फोन आला. "आई, आम्ही मजेत आहोत," असं तो इतक्या दबक्या आवाजात म्हणाला, की त्यांनी फोन ठेवला आणि लेकीला सांगितलं, कुणीतरी गेलंय किंवा जाणार आहे, तिकिटं काढ. इथं येऊन बघतात तर सगळे धडधाकट, फक्त कुजबुजत होते. त्या आल्या त्या राहिल्याच. सामानात कपड्यांत गुंडाळून आणलेला छोटा हातोडा तसाच बॅगेत पडून होता. हातोडा कशाला, असं सुनेनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू थर्मामीटर आणलास ना? तसंच."

स्वयंपाकघरातून तिघांची खुसफुस येत होती. शब्द कळत नव्हते. नुसतं सस्-सस्, सायकलीच्या गळक्या ट्यूबसारखं.

ठमीनं मान वळवून दाराकडे पाहिलं. जरा वेळ ऐकलं. मग उठली, खुंटीवरचा धाकट्याचा कोट काढला आणि त्याला घालायला लागली. खालून वरपर्यंत एकेक बटण. धाकट्यानं विचारलं नाही कुठे जायचंय म्हणून. हात पुढे केले फक्त.

सासूबाई पाहत राहिल्या. हे त्यांनी आधीही पाहिलं होतं. परवा पाहिलं होतं, त्याआधीही. पोरीला थंडी फार वाजते, असं धरून चालल्या होत्या. पण खोलीत तर हीटर रटरटत होता.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, नियमाच्या आवाजात. म्हणजे ती पोचलीच नाही. त्या उठेपर्यंत बेल वाजली.

*

मग जे व्हायचं ते सगळं एकदम झालं.

पाहणीबाई पायपुसण्यावर पाय पुसत होती, वायरलेसकाका तिच्या मागे टोपी हातात घेऊन उभे होते, आणि आत चौघांनी चार दिशांनी धाकट्याला सांगितलं होतं की हात धुवून ये. बाळ्यानं खुणेनं, ताईनं कवायतीनं, नर्सनं त्याच्या भाषेतल्या मोडक्या शब्दांत, आणि सासूबाईंनी नुसतं ढकलून. चार वेळा सांगितलेलं काम पोरानं मनावर घेतलं. न्हाणीघरात गेला, दार ओढून घेतलं, आतून कडी लावली, नळ सोडला. टबाचा नव्हे, बूच लावलेल्या बेसिनचा, ज्याची चावी एकदा पूर्ण फिरली की मोठ्या माणसालाच आवळता यायची. मग त्याला बाहेर यायचं होतं, आणि कडी अडकली.

हे बाहेर कळलं ते दाराखालून पाणी आल्यावर.

बाळ्याला पुढे कितीतरी दिवस ते चित्र आठवायचं. त्या चिंचोळ्या बोळकंडीत त्यांच्या घरातली चार मोठी माणसं एका बंद दारासमोर वाकून, तोंडावर हसू ठेवून, कुजबुजत होती.

"कडी वर कर राजा," बाळ्या.

"वर नव्हे, बाजूला. उजवीकडे," ताई.

"आधी नळ. नळ बंद करायला सांगा त्याला," नर्स.

"सरका," सासूबाई.

"आई, हळू."

पाणी पाहणीबाईच्या बुटांपर्यंत पोचलं. तिनं एक पाऊल मागे घेतलं आणि काहीतरी विचारलं.

"बाई विचारताहेत," वायरलेसकाका म्हणाले, "तुमच्याकडे नेहमी असंच असतं का?" आलेला निरोप जसाच्या तसा पुढे द्यायचा, पदरचं अक्षर घालायचं नाही आणि गाळायचं नाही, हा त्यांचा धर्म होता.

"छे छे," ताई गोड हसली. "एरवी अगदी शांत असतं."

काकांनी तेही सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं. बाळ्या तिच्याकडे पाहून हसला; कशासाठी, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिनं आपलाही कोट घातला होता.

नर्सनं दाराला कान लावला. नळ वाहत होता, आणि त्याखाली आणखी एक आवाज होता. धाकटा रडत होता. पण रडत होता तोही हळू. हुंदका आला की तो गिळत होता. घोट्याएवढ्या पाण्यात, बंद दाराआड, चार वर्षांचं पोर घाबरून रडत होतं आणि कुणाला त्रास होऊ नये याची काळजी घेत होतं.

नर्सच्या आत काहीतरी तुटलं. घड्याळाची कमान तुटते तसं, एकदम आणि सगळं सुटून.

"अरे रड ना मोठ्यानं," ती दारावर दोन्ही हात आपटत ओरडली. "गिळतोस काय? रड. भोकाड पसर." मग ती मागे वळली. "आणि तुम्ही. दात काय दाखवताय त्यांना? खाली जा आणि इमारतीचं पाणी बंद करा. ताई, तुमचं वर-खाली-उजवीकडे पुरे. तो काय संचलनात उभा आहे? आई, तो हातोडा काढा. बॅगेत लपवून ठेवलाय ना, काढा आता, आणि ते दार उतरवा एकदाचं. कुणाला काय लिहायचं ते लिहू दे. खड्ड्यात गेली शांतता."

काकांनी शेवटचं वाक्यही भाषांतरित केलं.

सासूबाई सुनेकडे पाहतच राहिल्या. "सतरा वर्षं कुठं होता हा आवाज?" त्या म्हणाल्या, आपल्या खऱ्या आवाजात. खिडकीची काच थरथरली.

त्यानंतर धरणच फुटलं. बाळ्या जिन्यावरून ओरडत खाली गेला, की व्हॉल्व्ह कुठाय ते कुणीतरी सांगा रे. ताईनं वरून ओरडून सांगितलं, जे तिला ठाऊक नव्हतं. सासूबाई हातोडा आणि पेचकस घेऊन दाराला भिडल्या. दार बोळकंडीत उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या. खालच्या बिजागरीच्या खिळीला त्यांनी खालून पेचकस लावला आणि हातोडा हाणला. ठण्ण. रंगानं धरलेली खीळ बोटभर वर आली. दुसऱ्या ठोक्याला हातात.

"अशा शंभर उतरवल्यात," त्या म्हणाल्या आणि मधल्या बिजागरीकडे वळल्या.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. ठमी होती. लालबुंद झाली होती, आणि बोलत होती. बोलत कसली, भांडत होती. एवढे महिने जे तोंड आभारांपुरतं उघडलं होतं, ते आता मिटत नव्हतं.

"काय म्हणते?" सासूबाई ओरडल्या.

"म्हणतेय, थांब म्हातारे," काका ओरडले, कारण आता त्यांनाही ओरडल्यावाचून इलाज नव्हता.

"म्हातारी कुणाला म्हणते?"

"तुम्हाला. म्हणतेय, तो दाराला टेकून बसलाय. घाबरला की तो दाराला टेकूनच बसतो. दार काढलंत तर तो मागच्या मागे आपटेल. आधी त्याला टबात चढू दे."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तोंडात बोळा होता?"

काकांनी विचारलं. उत्तर आलं ते ऐकून काका क्षणभर घुटमळले, पण धर्म तो धर्म. "म्हणतेय, तुम्ही बावळट माणसं सगळी एकदम बोलता. कुणी मला विचारलंच नाही."

"बघा, बघा. कशी बोलते बघा," सासूबाई सुनेला म्हणाल्या. तक्रारीचे शब्द होते, पण चेहरा हरवलेली वस्तू सापडल्यासारखा झाला होता.

ठमीनं दारावर बुक्की मारली आणि आत हुकूम सोडले. आतून धाकट्यानं गळा काढला, पहिल्यांदाच, अख्खी इमारत जागी होईल असा. ती त्याच्यावर आणखी ओरडली. धपकन टबात काहीतरी पडल्याचा आवाज आला. ठमीनं सासूबाईंकडे पाहून मान हलवली: हं, हाण आता.

उरलेल्या खिळी निघाल्या. ताईनं एका बाजूनं आणि सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं दार उचलून भिंतीला लावलं. धाकटा टबात बसला होता, कोटासकट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि मनसोक्त रडत होता. ठमी पाणी तुडवत गेली. त्याला दोन शब्द सुनावले, नाक पुसलं, काखेत हात घालून उचलायला गेली. भिजलेला कोट तिला पेलेना. तिनं पुन्हा जोर लावला. मग मागे न बघताच तिनं त्याला कसाबसा वळवला आणि नर्सच्या हातात दिला. ओझं फार झालं की माणूस जवळच्याच्या हातात देतो तसं, इतकं सहज. आणि लगेच सासूबाईंकडे वळून पुढचं भांडण चालू केलं.

नर्स धाकट्याला घेऊन उभी राहिली. त्याचं पाणी तिच्या अंगावर झिरपत होतं. त्यानं तिच्या मानेत तोंड खुपसून तिच्या कानात एवढ्या जोरात भोकाड पसरलं, की तिचं डोकं ठणकायला लागलं. तिनं डोकं हलवलं नाही.

नळ थांबला. बाळ्या धापा टाकत वर आला.

पाहणीबाई इतका वेळ बोळकंडीच्या तोंडाशी उभी होती. ती पुढे आली, थोरलीसमोर उकिडवी बसली आणि तिच्याशी बोलली. काका दोघींच्या मध्ये वाकले.

"बाई विचारताहेत, तुला बोलता येतं तर एवढे दिवस का बोलली नाहीस. ती म्हणते..." काका थांबले, पुन्हा ऐकून घेतलं. "म्हणते, तिकडे संस्थेत मोठी माणसं दाराआड हळू बोलायला लागली, की कुणाला तरी पाठवायचं ठरायचं. दुसऱ्या दिवशी एक पलंग रिकामा. इथं तर रोजच हळू बोलतात. तिला वाटायचं, रोज पाठवायचं ठरतंय आणि रोज रद्द होतंय. म्हणून ती भावाचा कोट घालून ठेवायची. दोघांना वेगळं पाठवू नये म्हणून."

नर्सला वाटलं, आपण एवढे महिने या पोरीच्या उशाशी बसून, फार मायेनं, फार शांतपणे, तिला रोज सकाळ-संध्याकाळ भीती पाजली.

"सांगा तिला," सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, "मलाही तसंच वाटायचं म्हणावं. मी तर तिकीट काढून आले." काकांनी सांगितलं. ठमीनं म्हातारीकडे जरा निरखून पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसली नाही. हसायची गरज नसल्यासारखी.

ताईनं ठमीच्या कोटाची बटणं काढायला घेतली. ठमी तिच्यावरही खेकसली.

"म्हणतेय, मला येतात," काका म्हणाले.

"येत असतील," ताई म्हणाली. "मलाही येतात. हात खाली." आणि काढलीच.

पाहणीबाई उठली. भिजलेल्या बुटांकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं. वहीत काहीतरी खोडलं. मग काकांना दोन वाक्यं सांगून जिन्याकडे चालू लागली.

"काय म्हणाल्या?" बाळ्यानं विचारलं.

"म्हणाल्या, दार कोर्टाच्या तारखेआधी बसवून घ्या. न्यायाधीश कधी कधी घर बघायला माणूस धाडतात, बरं दिसत नाही."

"तारीख? तारीख लावणार म्हणाल्या?"

"तारखेआधी, असं म्हणाल्या. मी पदरचं काही घालत नाही."

"मग खोडलं काय त्यांनी?"

"ते मात्र मी वाकून वाचलं," काका म्हणाले आणि टोपी घातली. "'एरवी अगदी शांत असतं.'"

नर्सनं धाकट्याला टॉवेलात गुंडाळून बाळ्याकडे दिलं. ती बोळकंडीतच, ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण आधी शिंकच आली.

ठमी न्हाणीघरातून पुसायचं फडकं घेऊन आली. तिनं ते नर्सच्या मांडीवर टाकलं, कोपऱ्याकडे बोट केलं आणि काहीतरी बोलली. काका जिना उतरून गेले होते, पण ते समजायला कुणाची गरज नव्हती. नर्सनं थोडं पुसलं. ठमीनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि पुन्हा बोट केलं: तिथं नाही, इकडे. इथं राहिलंय.

"हो गं बाई," नर्स वैतागून म्हणाली आणि गुडघ्यांवर रांगत कोपऱ्याकडे सरकली. "पुसते. दोनच हात आहेत मला."